दोऱ्यावर आलेलं माप

इस्पितळात शिंपी कशाला लागतो, हा प्रश्न मास्तरांना इतक्या वेळा विचारला गेला की त्यांनी खरं उत्तर द्यायचंच सोडून दिलं. "चादरींना टीप मारायला," असं सांगतात आणि मोकळे होतात. खरं सांगायला बसलं तर पाऊण तास जातो, आणि ऐकणाऱ्याच्या हातातला चहा हातातच गार होतो.

खरं असं आहे की माणूस भाजला, औषधपाणी झालं, जखम भरली, म्हणजे सुटला असं होत नाही. भरलेली कातडी पुढे वर्ष-दीड वर्ष वाढत राहते. जाड होते, कडक होते, आणि जवळ असेल ते ओढून घेते. मानेवर असली तर हनुवटी खाली ओढते, तळहातावर असली तर बोटं मिटवते. तिला जागेवर ठेवायचा एक साधा उपाय म्हणजे दाब. ताणाच्या कापडाचा घट्ट कपडा शिवायचा आणि तो चोवीस तासांतले तेवीस तास अंगात ठेवायचा. आंघोळीला काढायचा, पुन्हा चढवायचा. जळीत विभागातले हे कपडे मास्तर शिवतात. हातमोजे, बाह्या, बंड्या, विजारी, मानेचे पट्टे, आणि कधी कधी डोळ्यांना आणि तोंडाला भोकं ठेवलेला अख्ख्या डोक्याचा कपडा.

त्याआधी वीस वर्षं त्यांचं स्वतःचं दुकान होतं. शाळेचे गणवेश आणि बायकांचे कपडे. त्या धंद्यात सगळं कसब ढिलाईत असतं. अंगापेक्षा किती बोटं जास्त धरायची, हे ज्याला कळलं तो शिंपी. मुलांचे कपडे तर कुणी मापाचे शिवतच नाही. आई पोराला पुढे ढकलते आणि म्हणते, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं." मग पोरगं पहिलं वर्ष तंबूत राहिल्यासारखं फिरतं, दुसऱ्या वर्षी माणसात येतं आणि तिसऱ्या वर्षी तोच कपडा धाकट्याला जातो. पुढे तयार कपड्यांची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि मास्तरांचं दुकान बसलं. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर त्यांच्याकडे कपडे शिवून घ्यायच्या, त्यांनीच ह्या नोकरीचं सुचवलं.

इथे आल्यावर शिकलेलं विसरायची पाळी आली. इथला कपडा अंगापेक्षा लहान लागतो. जे माप येईल त्यातून दहावा हिस्सा कमी करायचा, शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे नव्या कातडीला घासत नाही. मास्तरांनी शिवलेली पहिली बंडी डॉक्टरबाईंनी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाल्या, "मास्तर, ह्यात वारा छान खेळेल. पण मला वारा नकोय." त्या दिवसाला सोळा वर्षं झाली.

त्यांची खोली जिन्याखाली आहे. दोन मशिनी, एक लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. एका खिळ्यावर हातांचे कागदी नमुने, एकावर बाह्यांचे, एकावर मानांचे. नवखा माणूस आत आला की आधी भिंतीकडे बघतो आणि मग दाराकडे. मास्तरांना मात्र ह्या खिळ्यांवरून बाहेरचं जग कळायचं. उजवा पंजा आणि मनगट आलं की वेल्डिंगवाला. दोन्ही हातांचे पुढचे भाग आले की भट्टीवरचा. तळहात आणि खांदा एकदम आला की विजेच्या तारेचं काम. दहा नमुने मोठ्यांचे असले तर एखादा मुलाचा असे, आणि वर्षानुवर्षं हा हिशोब फारसा हलला नव्हता.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. कारखाने बंद, भट्ट्या बंद, खांबावर चढणारी माणसं घरी. पहिले दोन-तीन आठवडे वॉर्डात पाखरू फिरकलं नाही. मास्तर उरलेल्या कापडाचे मास्क शिवत बसले. घरी तीस, शेजारी पन्नास, आणि दूधवाल्याला न विचारता चार. बायको म्हणाली, "सगळ्या जगाची तोंडं बांधलीत. आता एक स्वतःसाठी जरा जाड शिवा."

पण आग काही सुट्टीवर गेली नव्हती, तिने फक्त पत्ता बदलला होता. चौथ्या आठवड्यापासून माणसं यायला लागली, आणि ती सगळी घरातून. कुणीतरी कुणाला तरी फोनवर सांगितलं होतं की दिवसातून दोनदा वाफ घेतली की रोग अंगाला चाटूनही जात नाही. झालं. घरोघरी पातेली चढली. स्टुलावर पातेलं, डोक्यावर चादर, चादरीत आई किंवा बाप, आणि मांडीवर पोर. पोरं कधी स्थिर बसलीत? पातेलं कलंडायचं ते थेट मांडीवर नाहीतर हातावर. त्याशिवाय हाताला सॅनिटायझर चोळून तसंच शेगडीपाशी गेलेले होते. जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाऊल टाकलेले आणि तापल्या तेलात पाण्याचा हात झटकलेले नवरे होते. आणि कित्येकजण भाजल्यावर चार-चार दिवस घरीच राहून मग आले, जखमेवर टूथपेस्ट थापून. का, तर इस्पितळात गेलो तर रोग लागेल. रोग परवडला पण ही भीती नको, असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या.

मास्तरांच्या भिंतीवर मुलांचा खिळा सगळ्यात जाड झाला. नमुने इतके लहान की नेहमीचा कागद फुकट जायचा. ते जुन्या कॅलेंडरची पानं कापायला लागले. एकेका विजारीचा नमुना दोन तळहातांत मावेल एवढा. मास्तर स्वभावाने हळवे नव्हते. सोळा वर्षं त्या खोलीत हळव्या माणसाला काढताच आली नसती. त्यांना राग यायचा, आणि तोही नेमका कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

त्यातच अर्धा वॉर्ड तापाच्या रोग्यांना दिला गेला. भाजलेल्यांना जखम जेमतेम भरली की घरी पाठवायचं ठरलं. आता माप कसं घ्यायचं? जखम पूर्ण भरल्याशिवाय घेता येत नाही, आणि ती भरेपर्यंत माणूस घरी पोचलेला. गाड्या बंद, रस्त्यावर पोलीस. मास्तरांनी मग एक तोड काढली. फोन करायचा आणि घरच्यांना सांगायचं की साधा शिवायचा दोरा घ्या, बोटाच्या मुळाशी गुंडाळा, जिथे टोकं भेटतील तिथे कापा आणि कागदावर चिकटवून पाठवा. बोटांचे पाच, पंजाचा एक, मनगटाचा एक. शिवाय हात कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ. औषधांची गाडी वाटेत ही पाकिटं गोळा करून आणायची.

"अहो, मोजून आकडेच मागवा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

"आकडा वाचताना माणूस चुकतो," मास्तर म्हणाले. "दोऱ्याला वाचता येत नाही, म्हणून तो चुकत नाही."

उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण त्या हाकल्या गेल्या. महिन्याभरात चाळीस पाकिटं आली आणि बहुतेक कपडे अंगाला बरोबर बसले.

घड्याळवाल्याची मुलगी ह्याच दिवसांतली. साडेचार वर्षांची. बापाचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान, तेव्हा कुलपात. माणूस कमालीचा नीटनेटका. साथ आल्यापासून तो मुलीला सकाळ-संध्याकाळ वाफ देत होता, घड्याळ लावून, पाच-पाच मिनिटं. एका सकाळी चादरीच्या आत तिने पातेल्याची कड धरली. उजवा हात मनगटापर्यंत भाजला, पुढून आणि मागून. मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली.

तिला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरबाई जिन्याखाली आल्या. "मास्तर, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत्तापासून ओढ घेतंय. दाब नीट बसला तर सरळ राहतील. नाही बसला तर मिटतील, आणि मग मला पुन्हा कापावं लागेल. उजवा हात आहे."

"माप आलं की दोन दिवसांत देतो," मास्तर म्हणाले.

जखम भरल्यावर त्यांनी घड्याळवाल्याला फोन केला आणि दोऱ्यांचं समजावलं. ते पाच मिनिटांत झालं. पुढची वीस मिनिटं घड्याळवाला त्या सकाळचं सांगत राहिला. पाणी किती उकळलं होतं, स्टूल कुठे होतं, तिने हात कसा घातला, आपण अर्धा क्षण आधी बघितलं असतं तर. अगदी हळू आवाजात. दोन दिवसांनी त्याने एक शंका विचारायला फोन केला आणि पुन्हा तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिसऱ्यांदाही तेच. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मास्तरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण टेबलावर पाकिटांचा ढीग होता, आणि ती सकाळ त्यांना आता पाठ झाली होती.

पाकीट आलं. इतका सुरेख कागद मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता. सात दोरे अगदी सरळ चिकटवलेले, टोकं धारेने कापलेली, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात बोटाचं नाव. फक्त हाताची रेघ वाकडीतिकडी होती, पोरीने हात ओढला असणार. मास्तरांनी दोरे रेघेवर ठेवून पाहिले. रेघेतली बोटं बारीक होती आणि दोरे त्या मानाने मोठे.

त्यांनी फोन उचलला. एकच प्रश्न विचारायचा होता, दोरा कातडीला टेकला होता ना? मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती वीस मिनिटं आली. पाणी, स्टूल, चादर. त्यांनी फोन खाली ठेवला. सूज असेल अजून, असं स्वतःला सांगितलं. आणि रेघ वाकडी आहे, दोरे सरळ आहेत, एवढा टापटीप माणूस माप चुकेल होय? त्यांनी दहावा हिस्सा कमी केला आणि दोन मोजे शिवून गाडीत दिले.

आठवड्याने घड्याळवाल्याचा निरोप आला. मोजा छान बसला, मुलगी अजिबात रडत नाही. मास्तरांना बरं वाटलं. वास्तविक सोळा वर्षांत पहिल्या दिवशी न रडलेलं मूल त्यांनी पाहिलं नव्हतं. पण कौतुक ऐकलं की माणसाचे कान तेवढ्यापुरते बंद होतात.

तीन महिन्यांनी रस्ते उघडले आणि ती आली. आई, बाप आणि मधे ती, अंगात पिवळा फ्रॉक. डॉक्टरबाईंच्या खोलीत मास्तरांना बोलावलं होतं. मास्तरांनी मोज्याचं टोक धरलं आणि तो सहज निघून हातात आला. आतला हात लालभडक, उंचवटे आलेला. करंगळी तळहाताला टेकलेली, शेजारचं बोट तिच्या मागोमाग निघालेलं.

"मी कागद घेऊन येतो," असं म्हणून मास्तर खाली गेले.

आलेलं प्रत्येक माप ते जपून ठेवत. घड्याळवाल्याचा कागद सापडला. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते आता केलं. सातही दोरे सोडवले आणि त्याच वयाच्या मुलांच्या नमुन्यांशी एकेक लावून पाहिले. सातही मोठे, आणि सातही सारख्याच अंदाजाने मोठे. हात थरथरला असता तर एक सैल झाला असता, एक घट्ट. हे थरथरणं नव्हतं. बापाने प्रत्येक बोटाला दोरा गुंडाळताना तेवढीच जागा सोडली होती, दुखू नये म्हणून. आणि पोराचं माप देताना सगळेच सोडतात म्हणून. वीस वर्षं दुकानात मास्तरांनी स्वतःच तेवढी जागा सोडली होती आणि वर आयांची शाबासकी घेतली होती.

ते वर गेले तेव्हा डॉक्टरबाई सांगत होत्या की ऑपरेशन करावं लागेल. दुसऱ्या मांडीची कातडी घेऊन, बोट सोडवून. आई ओठ आवळून ऐकत होती. घड्याळवाला ऐकत नव्हता. त्याची नजर मास्तरांच्या हातातल्या कागदावर होती. कुठल्याही यंत्रात चूक कुठे आहे ते शोधायची त्याची सवयच. तो आपल्याच दोन बोटांभोवती हवेत दोरा गुंडाळल्यासारखं करत होता, आणि मधेच त्याची बोटं थांबली.

"माप..." तो म्हणाला. नेहमीच्याच त्या हळू आवाजात. "माप मी दिलं होतं. मी दोरा..."

"माप बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "कापताना दहावा हिस्सा कमी करायचा असतो. मी विसरलो."

डॉक्टरबाईंनी झटकन मान वर केली. घड्याळवाला मास्तरांकडे बघत राहिला.

"विसरलात?"

"हो. त्या दिवसांत फार पाकिटं होती."

"विसरलात म्हणजे काय?" आता आवाज चढला होता. "पोरीचा हात आहे तो. मी एकेक दोरा... घरात दिवे लावून, भिंग लावून चिकटवला. आणि तुम्ही विसरलात? तुमची स्वतःची असती तर विसरला असता का? पगार कसला घेता?"

तो ओरडत गेला. दारात सिस्टर जमल्या, वॉर्डबॉय जमला. बायको त्याची बाही ओढत होती. पोरगी आईच्या पदराआडून आधी बापाकडे आणि मग मास्तरांकडे बघत होती. मास्तर गळ्यात टेप तशीच ठेवून उभे राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ह्या माणसाचा खरा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. मोठा, भरदार आवाज होता. इतके महिने तो कुठे गेला होता कोण जाणे.

घड्याळवाल्याने लेखी तक्रार केली. सुरेख अक्षरात, चार पानी. वरून मास्तरांना कागद आला, त्यांनी चूक मान्य म्हणून सही केली, आणि ती त्यांच्या नोकरीच्या फायलीत लागली. निवृत्तीला दोन वर्षं होती. फाईल तोवर कोरी होती.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई जिन्याखाली आल्या आणि दार लोटून घेतलं. "तुम्ही विसरला नव्हतात."

"नव्हतो."

"मी मोजा त्या दोऱ्यांशी मोजून पाहिला. दहावा हिस्सा बरोबर कापलाय. मग हे कशाला?"

मास्तर मशीनला तेल घालत होते. त्यांनी सांडलेलं तेल पुसलं. "पातेलं त्यानेच ठेवलं होतं, बाई. आता दोराही त्यानेच सैल धरला म्हटल्यावर तो माणूस उरला असता का?"

"म्हणून तुम्ही खोटं लिहून दिलंत."

"सगळंच खोटं नाही. माप चुकलंय असं मला वाटलं होतं. फोन हातात घेतला होता. त्याचं रडगाणं पुन्हा ऐकायला नको म्हणून खाली ठेवला." त्यांनी तेलाचं फडकं घडी करून ठेवलं. "ते लिहायला तुमच्या छापील कागदावर रकाना नव्हता. म्हणून हे लिहिलं."

डॉक्टरबाईंनी दार उघडलं. जाताना म्हणाल्या, "ह्यापुढे माप फोनवर नको," आणि तो नियम झाला.

ऑपरेशन झालं. बोट सुटलं. नवी कातडी धरायला पुन्हा काही आठवडे गेले आणि मोज्याच्या मापासाठी मुलगी जिन्याखालच्या खोलीत आली. आई तिला घेऊन आत आली. घड्याळवाला आत आला नाही. तो बाहेरच्या बाकावर बसला, मास्तरांकडे पाठ करून. मास्तरांनी मुलीला टेबलावर बसवलं आणि टेप उलगडली.

तिने भिंतीवरचे नमुने न्याहाळले, मग मास्तरांना न्याहाळलं. "बाबा म्हणतात, तुमच्यामुळे माझं बोट वाकडं झालं."

आई लाजेने लाल झाली. "अगं, असं बोलतात का मोठ्यांना?"

"बरोबर बोलतेय ती," मास्तर म्हणाले. "पसर बघू बोटं. सगळी."

तिने पसरली. करंगळी पूर्ण सरळ झाली नाही, पण बरीच झाली. मास्तरांनी तिच्या मुळाशी टेप फिरवली आणि कातडीला टेकेपर्यंत ओढली. मुलगी कळवळली, डोळ्यांत पाणी आलं. आईचा हात नकळत पुढे आला. मास्तरांनी टेप सैल केली नाही. आकडा वाचला, कागदावर लिहिला आणि पुढचं बोट धरलं.

बाहेर घड्याळवाल्याचा आवाज चांगला मोठ्याने येत होता. बाकावर शेजारी कुणी नवा बाप बसला होता, हातात गुंडाळलेलं बाळ घेऊन, आणि घड्याळवाला त्याला सांगत होता की इथला शिंपी विसराळू आहे, माप घेताना समोर उभे राहा, कापतानासुद्धा उभे राहा. आमच्या वेळी काय झालं सांगतो, असं म्हणून त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तो दोऱ्यांबद्दल बोलला, पाकिटाबद्दल बोलला, मोज्याबद्दल बोलला. वाफेचं नावसुद्धा त्याने काढलं नाही.